पहिला कॅमेरा निवडताना

प्रस्तावना

कामाचे तास संपल्यानंतर उरणारा वेळ ज्याचा त्याचा असतो. कोणी त्या वेळी भजनाला बसतो, कोणी बाग फुलवतो, कोणी वाचन करतो. छायाचित्रण हाही असाच एक छंद आहे. पूर्वी तो खर्चिक मानला जाई. आज मोबाइल फोनमुळे तो बहुतेकांच्या आवाक्यात आला आहे. तरीही हा छंद मनापासून जोपासू पाहणाऱ्या व्यक्तीला कधी ना कधी प्रश्न पडतोच : 'मी कोणता कॅमेरा घेऊ?'

हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. ज्या घरात पगाराचा हिशेब महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच लागतो, त्या घरातील माणसाने काही महिन्यांची बचत एका वस्तूवर खर्च करायची म्हणजे निवड विचारपूर्वकच व्हायला हवी. गरजेशी न जुळणारा कॅमेरा कपाटात पडून राहतो आणि त्याच्याबरोबर छंदही मावळतो. तेव्हा खरेदीपूर्वी कोणता विचार करावा, हे आपण या पाठात पाहू या.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला –
• कॅमेऱ्याचे कार्य थोडक्यात सांगता येईल;
• स्वतःची गरज ओळखून कॅमेऱ्याचा प्रकार ठरवता येईल;
• जाहिरातीतील आकड्यांचा अर्थ तपासून पाहता येईल;
• खरेदीच्या एकूण खर्चाचा अंदाज बांधता येईल;
• मराठीत रुळलेल्या परभाषी शब्दांची रूपे ओळखता येतील.

मूळपाठ

१. कॅमेरा म्हणजे काळोखी खोली

'कॅमेरा' या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ 'खोली' असा आहे. हिंदीतील 'कमरा' हा शब्दही त्याच कुळातला असून तो पोर्तुगीज भाषेतून आला, असे मानले जाते. खोली पूर्ण काळोखी केली आणि एका भिंतीला बारीक छिद्र ठेवले, तर समोरच्या भिंतीवर बाहेरच्या दृश्याची उलटी प्रतिमा उमटते. कॅमेरा ही अशीच एक लहानशी काळोखी खोली होय.

या खोलीत प्रकाश किती येऊ द्यायचा, हे दोन गोष्टी ठरवतात. पहिली म्हणजे भिंगामागील छिद्र. ते लहानमोठे करता येते. दुसरी म्हणजे शटर, अर्थात झडप. ती किती वेळ उघडी राहते, यावर आत येणारा प्रकाश अवलंबून असतो. आत आलेला प्रकाश टिपण्याचे काम पूर्वी फिल्म करीत असे; आता ते इलेक्ट्रॉनिक संवेदक, म्हणजे सेन्सर करतो. तो प्रकाशाला किती तीव्र प्रतिसाद देणार, हे आयएसओ या आकड्याने ठरवतात. छिद्र, शटर आणि आयएसओ या तिघांचा मेळ म्हणजेच छायाचित्रणाचे व्याकरण. हे व्याकरण कोणत्याही किमतीच्या कॅमेऱ्यात सारखेच असते.

२. आधी चित्र, मग कॅमेरा

छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातील भिलाई हे पोलादाचे शहर आहे. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या तेथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. या कारखान्याच्या आधाराने भोवताली अनेक लहानमोठे उद्योग वाढले. हथखोज ही अशीच अवजड उद्योगांची वसाहत आहे. भिलाईत देशाच्या सर्व भागांतून माणसे कामासाठी आली. त्यांत विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही होती.

समजा, हथखोजमधील एखाद्या शेडमध्ये वेल्डिंगचे काम करणाऱ्या तरुणाला छायाचित्रणाची ओढ लागली आहे. त्याला कशाची चित्रे काढावीशी वाटतील? त्याच्या मनात पुढील चार चित्रे असू शकतील.

पहिले चित्र शेडमधील कामाचे. अंधुक शेड, ग्राइंडरमधून उडणाऱ्या ठिणग्या आणि काम करणारे हात. भर दुपारच्या उन्हाच्या तुलनेत अशा शेडमधील उजेड शेकडो पटींनी कमी असतो. येथे मोठ्या छिद्राचे भिंग हवे.

दुसरे चित्र पंडवानीचे. महाभारताची कथा गाऊन आणि अभिनयातून सांगणारी ही छत्तीसगडी लोककला आहे. २०१९ साली पद्मविभूषण लाभलेल्या पंडवानी गायिका तीजनबाई भिलाईजवळच्या गनियारी गावच्या. पंडवानीचा कार्यक्रम अनेकदा रात्री रंगतो. कलावंत तंबुरा उंचावतो, क्षणात वळतो, गर्जतो. येथे उजेड कमी आणि हालचाल मात्र वेगवान असते.

तिसरे चित्र तळ्याकाठच्या पक्ष्याचे. पक्षी दूर असतो आणि माणसाला जवळ येऊ देत नाही. येथे दूरचे जवळ आणणारे, म्हणजे जास्त केंद्रांतराचे भिंग आवश्यक ठरते.

चौथे चित्र घरातले. ओसरीवर निवडण-टिपण करणारी आई, अभ्यास करणारी बहीण. यासाठी कोणताही साधा कॅमेरा पुरेसा आहे; मात्र तो सतत हाताशी असला पाहिजे.

चार चित्रांच्या चार गरजा आहेत आणि मर्यादित पैशात त्या साऱ्या उत्तम रीतीने भागवणारा एकच कॅमेरा मिळणे कठीण. म्हणून 'सर्वांत चांगला कॅमेरा कोणता?' या प्रश्नाला उत्तर नाही. 'मला प्रामुख्याने कोणते चित्र काढायचे आहे आणि त्या ठिकाणी उजेड किती असतो?' या प्रश्नाला मात्र उत्तर आहे, आणि ते दुकानदारापाशी नसून आपल्यापाशीच असते.

पाठगत प्रश्न १
(अ) कॅमेऱ्यात येणारा प्रकाश कोणत्या दोन गोष्टींनी नियंत्रित होतो?
(आ) पक्ष्याच्या छायाचित्रासाठी कोणत्या प्रकारचे भिंग लागते?

३. जाहिरातीतील आकडे

कॅमेऱ्याच्या जाहिरातीत सर्वांत ठळक छापलेला आकडा मेगापिक्सेलचा असतो. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख बिंदू. आता थोडे गणित करू. उत्तम छपाईसाठी एका इंचात ३०० बिंदू पुरेसे मानले जातात. अल्बममध्ये लावतो त्या ६ × ४ इंच आकाराच्या छायाचित्राला १८०० × १२००, म्हणजे सुमारे २२ लाख बिंदू लागतात. भिंतीवर लावण्याजोग्या १२ × ८ इंचांच्या चित्रालाही सुमारे ८६ लाख बिंदू पुरतात. आजचा साधा कॅमेराही यापेक्षा अधिक बिंदू टिपतो. तेव्हा केवळ या आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

त्याहून महत्त्वाचा आहे सेन्सरचा आकार. पागोळीखाली लहान वाटी ठेवली तर थोडे पाणी साठते आणि परात ठेवली तर जास्त. प्रकाशाचेही तसेच आहे. पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ × २४ मिलिमीटर असतो. हौशी छायाचित्रकार वापरतात तो एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ × १५.६ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने सुमारे दोन पंचमांश असतो. मोबाइलमधील सेन्सर याहून पुष्कळच लहान असतो. म्हणून अंधुक उजेडात मोबाइलच्या चित्रात दाणे दिसतात किंवा मोबाइलने स्वतःच सफाई केल्यामुळे बारकावे पुसले जातात.

दुसरी महत्त्वाची गोष्ट भिंगाची. कॅमेऱ्यासोबत बहुधा १८ ते ५५ मिलिमीटरचे झूम भिंग मिळते. ५० मिलिमीटरच्या आसपास त्याचे छिद्र जास्तीत जास्त एफ ५.६ इतकेच उघडते. त्याऐवजी ५० मिलिमीटरचे एफ १.८ छिद्राचे साधे, झूम नसलेले भिंग वापरले, तर जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. येथे आकडा लहान म्हणजे छिद्र मोठे, हे लक्षात ठेवावे. शेडमधील चित्रासाठी असे एक भिंग महागड्या कॅमेऱ्यापेक्षा अधिक उपयोगी पडू शकते.

४. फाळके यांची खरेदी

कॅमेरा विकत घेण्यासाठी माणसाने किती तयारी करावी, याचे एक उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी शिक्षण घेतले. तेथे ते छायाचित्रणाच्या तंत्रात पारंगत झाले. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय केला आणि त्यानंतर मुद्रणाच्या क्षेत्रातही काम केले. चित्रपट काढण्याचा निश्चय होईपर्यंत या कलेतील त्यांचा अनुभव अनेक वर्षांचा झाला होता.

१९१२ च्या आरंभी ते लंडनला गेले. यासाठी त्यांनी आपल्या विमा पॉलिसी गहाण ठेवल्या होत्या, म्हणजे जोखीम फार मोठी होती. त्यांनी दुकानात जाऊन लगेच खरेदी केली नाही. ज्या चित्रपटविषयक साप्ताहिकाचे ते वाचक होते, त्याच्या संपादकांना ते भेटले. त्यांच्या ओळखीने निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत जाऊन त्यांनी प्रत्यक्ष काम पाहिले आणि त्यानंतर विल्यमसन कॅमेरा पसंत केला. त्या काळी कच्च्या फिल्मच्या कडांना छिद्रे स्वतः पाडावी लागत. म्हणून त्यांनी त्याचे यंत्रही घेतले आणि फिल्मचीही व्यवस्था केली. नुसता कॅमेरा घेऊन काम सुरू होत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

कॅमेरा मुंबईत आल्यावर त्यांनी पहिला विषय कोणता निवडला? कुंडीत लावलेला वाटाणा! रोपाच्या वाढीची रोज थोडी थोडी चित्रे घेत, महिनाभरानंतर त्यांनी 'अंकुराची वाढ' हा छोटा चित्रपट पूर्ण केला. पत्नी सरस्वतीबाई फिल्मला छिद्रे पाडण्याचे व ती धुण्याचे काम शिकल्या. पुढे ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला.

फाळके व्यवसायासाठी खरेदी करीत होते, आपण छंदासाठी करणार आहोत. तरीही क्रम तोच लागू पडतो : आधी शिक्षण, मग जाणकारांचा सल्ला, मग पूर्ण सामग्रीचा हिशेब आणि शेवटी घरातल्याच विषयावर सराव.

पाठगत प्रश्न २
(अ) ६ × ४ इंच छायाचित्राला सुमारे किती बिंदू लागतात?
(आ) कॅमेऱ्याबरोबर फाळके यांनी आणखी कोणते यंत्र घेतले?

५. अपुरेपण कोणाचे?

खरेदीपूर्वी दोन महिने हातातल्या मोबाइलवर सराव करावा. पूर्वीच्या फिल्मच्या रिळात साधारणपणे ३६ छायाचित्रे मावत. आपणही आठवड्याला ३६ चित्रांचीच मर्यादा घालून घ्यावी. मर्यादा असली की बटण दाबण्यापूर्वी माणूस पाहू लागतो.

दोन महिन्यांनंतर फसलेली चित्रे वेगळी काढून प्रत्येकापुढे कारण लिहावे. चौकटीत नको त्या वस्तू आल्या, उजेडाची दिशा चुकली, हात हलला, ही कारणे आपली आहेत. नवा कॅमेरा ती दूर करणार नाही. पक्षी ठिपक्याएवढा दिसला, शेडमधील चेहरा दाण्यांनी भरला, नाचणारा हात पुसट झाला, ही कारणे बहुधा साधनाची आहेत. ज्या कारणाची नोंद वहीत वारंवार आढळेल, तेच आपल्या पहिल्या कॅमेऱ्याची निवड करील. आणि तशी नोंद क्वचितच आढळली, तर पैसे वाचले असे समजावे. मग तोच मोबाइल आपला पहिला कॅमेरा ठरतो.

साधनाचे अपुरेपण जाणवल्यास मुख्यतः तीन पर्याय आहेत.

न बदलणाऱ्या भिंगाचा सुपरझूम कॅमेरा : दूरचे पक्षी टिपण्यास सोयीचा आणि तुलनेने स्वस्त. याचा सेन्सर बहुधा लहान असल्याने कमी उजेडात तो उणा पडतो. भिंग काढावे लागत नसल्यामुळे हथखोजसारख्या लोखंडी धुळीच्या जागी ही रचना सोयीची ठरते.

डीएसएलआर कॅमेरा : यात आरशातून दृश्य दिसते व भिंग बदलता येते. प्रमुख कंपन्यांचा भर आता पुढील प्रकारावर असल्याने याची नवी मॉडेल क्वचितच येतात. मात्र वापरलेले कॅमेरे आणि भिंगे वाजवी किमतीत मिळतात.

मिररलेस कॅमेरा : यात आरसा नसतो. आकाराने बहुधा लहान, भिंग बदलता येणारा. चित्र कसे येईल ते पडद्यावर आधीच दिसत असल्याने शिकणाऱ्याला मदत होते. नवा घेतल्यास किंमत अधिक पडते आणि बॅटरी लवकर संपते.

कोणताही कॅमेरा घेण्यापूर्वी तो हातात धरून पाहावा. बोटे बटणांपर्यंत सहज पोहोचतात का, वजन दिवसभर पेलेल का, हे कोणतीही माहितीपत्रिका सांगत नाही.

६. वापरलेला कॅमेरा घेताना

वापरलेला कॅमेरा घेण्यात कमीपणा नाही. फक्त सावधगिरी हवी. भिंगातून विजेरीचा प्रकाश सोडून पाहावा. आत जाळीसारखे तंतू दिसले तर ती बुरशी होय. असे भिंग घेऊ नये. छिद्र शक्य तितके लहान करून पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र काढावे. त्यात काळसर ठिपके दिसल्यास सेन्सरवर धूळ किंवा डाग असू शकतात. शटर किती वेळा वापरले गेले, याची विचारणा करावी. मूळ पावती मागावी आणि तिच्यावरील क्रमांक कॅमेऱ्यावरील क्रमांकाशी ताडून पाहावा. पावती नसलेली वस्तू चोरीची असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

७. पैशाचा आणि काळजीचा हिशेब

कॅमेऱ्याची किंमत म्हणजे छंदाचा खर्च नव्हे. मेमरी कार्ड, जादा बॅटरी, पिशवी, तिपाई आणि चित्रे साठवण्याची सोय, या सर्वांना पैसे लागतात. म्हणून ठरवलेल्या रकमेतील सुमारे एक तृतीयांश भाग यांसाठी बाजूला ठेवणे शहाणपणाचे ठरेल. 'सुलभ हप्ते' हा शब्द ऐकायला गोड असतो. सर्व हप्त्यांची बेरीज आणि वरचे शुल्क मिळून वस्तू केवढ्याला पडते, ते कागदावर मांडावे आणि मगच सही करावी. घरखर्चाला कात्री लावून घेतलेला कॅमेरा हातात घेताना आनंद कमी आणि ओझे जास्त वाटते.

पावसाळ्यातील दमट हवा भिंगाला बुरशी आणते. यासाठी झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह कॅमेरा ठेवावा. धुळीच्या जागी भिंग बदलू नये. वेल्डिंगच्या ज्वाळेकडे भिंगातून किंवा नुसत्या डोळ्यांनी मुळीच पाहू नये. त्या प्रकाशाने डोळ्यांना इजा होते. कारखान्यात चित्रे काढण्यापूर्वी व्यवस्थापनाची आणि ज्यांचे चित्र काढायचे त्यांची परवानगी घ्यावी. परवानगी हा केवळ नियमाचा भाग नव्हे. तो समोरच्या माणसाचा मान आहे.

एकेकाळी आपल्याकडे बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक-थ्री हा अगदी साधा कॅमेरा अनेक मध्यमवर्गीय घरांत होता. त्याच्यावर फारशी बटणे नव्हती. तरीही लग्ने, बारशी, सहली यांच्या आठवणी त्यानेच जपल्या. ज्यांच्याजवळ तो होता त्यांनी त्याच्या मर्यादा ओळखून तो वापरला. आपल्या पहिल्या कॅमेऱ्याकडूनही एवढेच अपेक्षित आहे : जे पाहावेसे वाटते, ते अधिक लक्ष देऊन पाहण्याची सवय त्याने आपल्याला लावावी.

शब्दार्थ

संवेदक – प्रकाश, उष्णता इत्यादींची नोंद घेणारा भाग
केंद्रांतर – भिंग आणि त्याने किरण एकवटण्याचे ठिकाण यांतील अंतर
झोतभट्टी – खनिजापासून लोखंड वितळवून काढण्याची भट्टी
पागोळी – छपराच्या कडेवरून पडणारी पावसाची धार
पारंगत – निपुण
ताडून पाहणे – जुळते का हे तपासणे

भाषाभ्यास

'कॅमेरा' हा शब्द परभाषेतून आला असला, तरी मराठीत तो 'घोडा' या शब्दाप्रमाणे चालतो. घोडा – घोडे – घोड्याने. तसेच कॅमेरा – कॅमेरे – कॅमेऱ्याने. 'बॅटरी' हा शब्द 'वाडी'प्रमाणे चालतो : वाडी – वाड्या, बॅटरी – बॅटऱ्या. परका शब्द मराठीचे प्रत्यय आणि मराठीचे लिंग स्वीकारतो, तेव्हा तो मराठीत रुळला असे म्हणता येते.

आपण काय शिकलो?

• छिद्र, शटर आणि आयएसओ यांच्या मेळातून छायाचित्र साकारते.
• कॅमेऱ्याची निवड विषय आणि उजेड यांवरून करावी.
• मेगापिक्सेलपेक्षा सेन्सरचा आकार आणि भिंग यांना अधिक महत्त्व द्यावे.
• खरेदीपूर्वी सराव करावा आणि फसलेल्या चित्रांची कारणे नोंदवावीत.
• जोडसामग्री आणि हप्ते यांसह एकूण खर्चाचा विचार करावा.

पाठान्त प्रश्न

१. 'सर्वांत चांगला कॅमेरा कोणता?' या प्रश्नाला उत्तर का नाही, ते पाठाच्या आधारे लिहा.
२. फाळके यांच्या खरेदीतून कोणता क्रम शिकता येतो?
३. वापरलेला कॅमेरा घेताना कोणत्या चार गोष्टी तपासाल?
४. 'परवानगी हा समोरच्या माणसाचा मान आहे' या विधानाबद्दल तुमचे मत पाच-सहा वाक्यांत मांडा.
५. पुढील शब्दांची अनेकवचने लिहा : टाकी, रुपया, खिडकी, फटाका.

उपक्रम

तुमच्या परिसरातील चार दृश्ये निवडा. प्रत्येक दृश्यासाठी उजेड, अंतर आणि हालचाल यांची नोंद करा. त्यावरून तुमची मुख्य गरज एका वाक्यात लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) भिंगामागील छिद्र आणि शटर. (आ) जास्त केंद्रांतराचे भिंग.
२. (अ) सुमारे २२ लाख. (आ) फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र.